युरोपात दुजाभाव झाला तर काय करायचं: देशोदेशीचे समानता कायदे वापरण्याच्या पायऱ्या

युरोपात नोकरी-शिक्षणासाठी आलेल्या मराठी माणसाच्या वाट्याला दुजाभाव आला की तो बहुतेक वेळा गप्प बसतो, आणि त्याची दोन कारणं ठरलेली असतात. "सिद्ध कसं करणार?" आणि "उगाच व्हिसा जायचा." पहिल्या प्रश्नाचं उत्तर युरोपच्या कायद्याने 2000 सालीच देऊन ठेवलं आहे. दुसऱ्या भीतीत तथ्य आहे, पण लोक समजतात त्यापेक्षा बरंच कमी. दावे खरोखर बुडतात ते तिसऱ्याच गोष्टीने, म्हणजे मुदत टळल्याने. जर्मनीत ही मुदत अवघी दोन महिन्यांची आहे. धक्क्यातून सावरून, घरच्यांशी बोलून, करू की नको असा विचार करेपर्यंत ती संपून गेलेली असते. तुमच्या बाबतीत काही नुकतंच घडलं असेल तर आधी चौथी पायरी वाचा आणि मग इथे परत या.

पहिली पायरी: कशावरून आणि कुठे, हे ठरवा

अन्याय झाला एवढं कायद्याला पुरत नाही. वेगळी वागणूक कोणत्या कारणावरून मिळाली आणि आयुष्याच्या कोणत्या क्षेत्रात, हे दोन प्रश्न तो विचारतो. साहेब सगळ्यांवरच ओरडत असेल तर तो समानता कायद्याखाली येत नाही. फक्त तुमच्यावर आणि तुमच्या बांगलादेशी सहकाऱ्यावरच ओरडत असेल, तर मात्र येतो.

युरोपीय संघाच्या 27 देशांत पाया सारखा आहे. संघ डायरेक्टिव्ह काढतो आणि प्रत्येक सदस्य देशाला तो आपल्या कायद्यात उतरवावा लागतो. जून 2000 मधला डायरेक्टिव्ह वंश आणि वांशिक मूळ यांबद्दल आहे. त्याचा पल्ला सर्वांत मोठा आहे: नोकरी, शिक्षण, सामाजिक सुरक्षा, आरोग्यसेवा, दुकानं, बँका आणि भाड्याचं घरसुद्धा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेल्या दुसऱ्या डायरेक्टिव्हने धर्म, श्रद्धा, अपंगत्व, वय आणि लैंगिक कल ही कारणं घेतली, पण फक्त नोकरी आणि व्यवसाय-प्रशिक्षणापुरती. स्त्री-पुरुष समानतेसाठी वेगळे डायरेक्टिव्ह आहेत. त्यांत नोकरीही येते आणि वस्तू-सेवाही. उरलेली दरी बुजवणारा प्रस्ताव 2008 मध्ये मांडला गेला. त्याला सर्व देशांची एकमुखी संमती लागते आणि ती आजवर मिळालेली नाही. म्हणून रंगावरून घर नाकारलं तर संघाचा कायदा पाठीशी असतो, पण समलिंगी जोडपं म्हणून नाकारलं तर त्या त्या देशाचा स्वतःचा कायदा पाहावा लागतो. ही उणीव मला अक्षम्य वाटते, कारण माणूस घर शोधतो तेव्हाच तो सर्वांत परावलंबी असतो.

सुदैवाने बरेच देश संघाच्या किमान मर्यादेपुढे गेले आहेत. फ्रान्सच्या यादीत वीसहून जास्त कारणं आहेत. त्यांत आडनाव आहे, राहण्याचं ठिकाण आहे, फ्रेंचखेरीज दुसऱ्या भाषेत बोलण्याची क्षमतासुद्धा आहे. ब्रिटनच्या 2010 च्या इक्वॅलिटी ॲक्टमध्ये नऊ कारणं आहेत. आयर्लंडमध्येही नऊ, आणि घर भाड्याने घेताना सरकारी भाडेमदतीवरून नकार देणंही तिथे बेकायदा आहे. जर्मनीचा 2006 चा कायदा, ज्याला तिथे सगळे आद्याक्षरांवरून 'आ-गे-गे' म्हणतात, सहा कारणांवर थांबतो. स्वित्झर्लंड संघात नाही आणि तिथे सर्वसाधारण भेदभावविरोधी कायदाच नाही. मुख्यतः राज्यघटनेचं 8 वं कलम, स्त्री-पुरुष समानतेचा कायदा आणि वांशिक द्वेषाविरुद्धचं फौजदारी कलम यांवर भागवावं लागतं. झुरिकला बदली होणाऱ्याने हे आधीच माहीत करून घ्यावं.

भेदभाव उघडच असला पाहिजे असं नाही. वरकरणी सर्वांना सारखा दिसणारा नियम एका गटालाच जाचक ठरत असेल आणि त्यामागे पटण्याजोगं कारण नसेल, तर तो अप्रत्यक्ष भेदभाव. आपल्यासाठी महत्त्वाचं उदाहरण जर्मनीतलं आहे. नोकरीच्या जाहिरातीत 'मातृभाषा जर्मन' अशी अट घालणं हा वांशिक मुळावरून अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो, असं तिथल्या संघीय कामगार न्यायालयाने 2017 मध्ये म्हटलं. 'उत्तम जर्मन हवं' असं कामासाठी मागता येतं. मातृभाषा मागितली की जन्म मागितल्यासारखं होतं. तसंच, भेदभाव तुमच्या स्वतःच्या गुणधर्मावरूनच व्हायला हवा असंही नाही. अपंग मुलाची आई असल्यामुळे एका ब्रिटिश महिलेला कामावर जाच झाला, तो कायद्यात बसतो, असं युरोपीय संघाच्या न्यायालयाने 2008 मध्ये ठरवलं.

दुसरी पायरी: वंश आणि पासपोर्ट वेगळे करा

इथेच सर्वांत जास्त गोंधळ होतो. वंशविषयक डायरेक्टिव्हने राष्ट्रीयत्वावरून केलेला फरक स्पष्टपणे बाहेर ठेवला आहे. "तू भारतीय दिसतोस म्हणून नको" हा वांशिक भेदभाव. "तुझ्याकडे युरोपीय संघाचा पासपोर्ट नाही म्हणून नको" हा संघाच्या पातळीवर आपोआप तसा धरला जात नाही. 2017 च्या एका डेन्मार्कच्या प्रकरणात संघाच्या न्यायालयाने असंही सांगितलं, की केवळ जन्मदेशावरून वांशिक मूळ ठरत नाही.

देशांचे कायदे मात्र इथे वेगवेगळे वागतात. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये 'वंश' या शब्दातच राष्ट्रीयत्व धरलेलं आहे. नेदरलँड्सच्या 1994 च्या समान वागणूक कायद्यात ते स्वतंत्र कारण आहे आणि बेल्जियमच्या वंशवादविरोधी कायद्यातही ते येतं. जर्मनीत ते यादीत नाही, पण 'फक्त जर्मनांना' असं म्हणणाऱ्याचा रोख खरं तर वंशावर असेल तर दावा टिकतो. आउग्सबुर्गच्या न्यायालयाने 2019 मध्ये अशाच भाडे-जाहिरातीवरून बुर्किना फासोहून आलेल्या माणसाला 1,000 युरो देववले.

गोव्यातून पोर्तुगीज पासपोर्टवर आलेल्यांची स्थिती निराळी आहे. ते संघाचे नागरिक असल्याने कोणत्याही सदस्य देशात राष्ट्रीयत्वावरून भेदभाव न होण्याचा हक्क त्यांना संघाच्या मूळ करारातूनच मिळतो. एकाच कारखान्यात शेजारी उभे असलेले म्हापशाचे दोघे, एक पोर्तुगीज पासपोर्टवर आणि दुसरा भारतीय, यांचे हक्क या एका बाबतीत वेगळे असतात.

भारतीय पासपोर्टवाल्यांनाही मोकळं सोडलेलं नाही. ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांसाठीचा संघाचा परवाना) आणि काम-निवासाचा एकत्रित परवाना यांच्या डायरेक्टिव्हमध्ये कामाच्या अटी, पगार, काढून टाकण्याचे नियम यांत स्थानिकांसारखी वागणूक लिहून ठेवली आहे. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतून कंपनीअंतर्गत बदलीच्या परवान्यावर 'ऑनसाइट' येणाऱ्यांसाठी 2014 चा डायरेक्टिव्ह आहे: तशाच पदावरच्या स्थानिक माणसापेक्षा कमी मोबदला देता येत नाही. आयर्लंड आणि डेन्मार्क या तिन्ही व्यवस्थांच्या बाहेर आहेत. ऑनसाइट आलेल्या कितीतरी जणांना हा नियम कुणी सांगितलेलाच नसतो, आणि भारतातल्या पगारावर भत्ता मिळतोय यातच ते समाधान मानतात.

तिसरी पायरी: त्याच दिवशी लिहून काढा

भेदभाव करणारा माणूस कारण लिहून देत नाही, हे कायदे करणाऱ्यांनाही ठाऊक होतं. म्हणून नियम असा केला, की भेदभाव झाला असावा असं दिसणारी वस्तुस्थिती तुम्ही मांडायची. ती मांडली की तसं घडलं नाही हे सिद्ध करण्याचा भार समोरच्यावर. बेल्जियममधल्या एका दरवाजे विकणाऱ्या आणि बसवणाऱ्या कंपनीच्या संचालकाने जाहीर सांगितलं, की ग्राहकांना नको असतात म्हणून आम्ही परदेशी मुळाची माणसं घेत नाही. नोकरी नाकारलेला एकही माणूस पुढे आलेला नसताना संघाच्या न्यायालयाने 2008 मध्ये ते जाहीर बोलणंच भेदभाव ठरवलं.

तुमचं काम आहे ही वस्तुस्थिती गोळा करणं. "मला अपमान वाटला" याच्याऐवजी "14 तारखेच्या टीम मीटिंगमध्ये, अमुक दोघांसमोर, हे शब्द" असं लिहा. मूळ भाषेतले शब्द जसेच्या तसे उतरवा. जर्मनमध्ये बोलले असतील तर जर्मनमध्येच. तारीख, वेळ, हजर असलेली माणसं, त्याआधी आणि नंतर काय झालं, सगळं टिपा. ते स्वतःला ईमेल करून ठेवा, म्हणजे तारीख आपोआप पडते. मात्र कंपनीच्या मेलवर नको, कारण काढून टाकलं की तो बंद होतो. जाहिरातीचा स्क्रीनशॉट लगेच घ्या, कारण ती दोन दिवसांत बदलली जाते.

तुलनेला माणूस शोधा. तेच काम, तेवढाच अनुभव, पण वेगळी वागणूक मिळालेला सहकारी असला की दावा एकदम भक्कम होतो. घराच्या बाबतीत हे काम सोपं आहे: 'देशपांडे' नावाने पाठवलेल्या चौकशीला "घर गेलं" असं उत्तर आलं आणि तासाभराने म्युलर नावाच्या मित्राला त्याच घरासाठी भेटीची वेळ मिळाली, तर दोन्ही उत्तरं जपून ठेवा. फ्रान्समध्ये अशी चाचणी फौजदारी खटल्यातही पुरावा म्हणून चालते, हे दंडसंहितेतच लिहिलेलं आहे.

दोन सूचना महत्त्वाच्या आहेत. आपल्याकडे फोनवर गुपचूप रेकॉर्डिंग करण्याची सवय सर्रास आहे. जर्मनीत खाजगी संभाषण न सांगता रेकॉर्ड करणं हा गुन्हा आहे, तेव्हा ते करूच नका. साक्षीदार आणि टिपण यांवर भिस्त ठेवा. आणि दुसरी, फारशी न वापरली जाणारी वाट: विदा संरक्षण कायद्याच्या, म्हणजे जीडीपीआरच्या, 15 व्या कलमाखाली कंपनीकडे स्वतःबद्दलची सर्व माहिती मागता येते. मुलाखतीच्या नोंदी आणि तुमच्याविषयीचे अंतर्गत ईमेलही त्यात येऊ शकतात. उत्तर साधारण एका महिन्यात द्यावं लागतं. ब्रिटनने संघ सोडला तरी हा हक्क तिथे कायम आहे. कंपनीने काहीच सांगायला नकार दिला तर? 2012 मध्ये जर्मनीतल्या एका रशियन वंशाच्या उमेदवाराच्या प्रकरणात संघाचं न्यायालय म्हणालं, की दुसऱ्या कुणाला घेतलं हे सांगण्याची सक्ती नाही, पण माहिती द्यायला साफ नकार देणं हीसुद्धा भेदभावाकडे बोट दाखवणारी एक बाब धरता येते. म्हणजे विचारण्यात तुमचं नुकसान काहीच नाही.

चौथी पायरी: कॅलेंडरवर शेवटची तारीख लिहा

जर्मनी: आ-गे-गेनुसार प्रकार कळल्यापासून, किंवा नोकरीच्या अर्जाला नकार मिळाल्यापासून, दोन महिन्यांत भरपाईची लेखी मागणी मालकाकडे पोहोचली पाहिजे. त्यानंतर तीन महिन्यांत कामगार न्यायालयात दावा. कंपनीतल्या तक्रार कक्षाकडे केलेली तक्रार म्हणजे ही मागणी नव्हे, आणि ती चौकशी चालू आहे म्हणून घड्याळ थांबतही नाही. "बघतो, चौकशी करतो" यात दोन महिने सहज जातात. पत्रात 'मी भरपाई मागत आहे' हे शब्द हवेत आणि ते पोहोचल्याचा पुरावा हवा. घर-दुकानाच्या बाबतीतही मुदत दोनच महिने. आणि नोकरीवरून काढलं असेल तर त्या आदेशालाच आव्हान द्यायला फक्त तीन आठवडे मिळतात.

ब्रिटन: नोकरीच्या बाबतीत तीन महिने वजा एक दिवस. ट्रायब्युनलकडे, म्हणजे नोकरीविषयक न्यायाधिकरणाकडे, जाण्याआधी एकॅस या सरकारी मध्यस्थ संस्थेकडे नोंद सक्तीची आहे आणि त्या काळापुरती मुदत थांबते. ही मुदत सहा महिने करणारी तरतूद कायद्यात आली आहे. आपल्या प्रकरणाला ती लागू होते का, हे एकॅसच्या फोनवर विचारून घ्या. घर किंवा सेवांचा दावा काउंटी कोर्टात, सहा महिने वजा एक दिवस. उत्तर आयर्लंडचे कायदे आणि संस्था वेगळ्या आहेत.

आयर्लंड: अशा तक्रारी ऐकणाऱ्या वर्कप्लेस रिलेशन्स कमिशनकडे सहा महिन्यांत, सबळ कारण असेल तर बारा. दुकान, घर, शाळा यांच्याविरुद्ध जायचं असेल तर आधी दोन महिन्यांच्या आत ईएस-1 नावाचा फॉर्म समोरच्याला पाठवावा लागतो. तो राहिला की चांगलं प्रकरणही अडकतं.

फ्रान्स: भेदभाव उघड झाल्यापासून पाच वर्षं, नोकरीच्या दिवाणी दाव्यासाठी. स्पेन: नोकरीवरून काढल्यास कामाचे 20 दिवस.

आकडे बदलतात, म्हणून मुदतीची खात्री पहिल्याच आठवड्यात करून घ्या.

पाचवी पायरी: योग्य दार ठोठवा

वंशविषयक डायरेक्टिव्हमुळे प्रत्येक सदस्य देशात समानतेसाठी एक तरी सरकारी संस्था आहे. सल्ला मोफत असतो. पण त्यांच्या ताकदीत फार फरक आहे, आणि तो समजून न घेता लोक चुकीची अपेक्षा ठेवतात.

बर्लिनमधलं संघीय भेदभावविरोधी कार्यालय सल्ला देतं, समोरच्याला पत्र लिहून समेट घडवायचा प्रयत्न करतं, पण तुमच्या वतीने न्यायालयात उभं राहत नाही. फ्रान्सचा देफान्सर दे द्र्वा, म्हणजे हक्करक्षक, चौकशी करू शकतो, कागदपत्रं मागवू शकतो आणि न्यायालयात आपलं मत मांडू शकतो. 3928 हा त्यांचा भेदभावासाठीचा फोन आहे. फ्रान्समध्ये भेदभाव हा फौजदारी गुन्हाही आहे, तीन वर्षं कैद आणि 45,000 युरो दंडापर्यंत. नेदरलँड्समध्ये उट्रेख्टची मानवी हक्क संस्था तुमचं प्रकरण ऐकून लेखी निर्णय देते. फी नाही, वकिलाची सक्ती नाही. निर्णय बंधनकारक नसतो, तरी पुढे न्यायालयात तो वजनदार ठरतो. स्वीडनचा भेदभाव लोकपाल थेट तुमच्या वतीने खटला चालवू शकतो. तुम्ही कामगार संघटनेत असाल तर आधी हक्क संघटनेचा.

कामगार संघटना हा आपल्या लोकांचा दुर्लक्षित आधार आहे. आयटीतली मंडळी 'संघटना म्हणजे गिरणी कामगारांची' असं मानून दूर राहतात. जर्मनीत सभासदाच्या नोकरीविषयक खटल्याचा खर्च संघटना उचलते, मात्र सभासदत्वाला काही महिने झालेले लागतात. म्हणजे नोकरी लागली की लगेच सभासद व्हा, भांडण उद्भवल्यावर नव्हे. कंपनीत बेट्रीब्सराट, म्हणजे कामगारांनी निवडलेलं मंडळ, असेल तर त्यांच्याशीही बोला.

सहावी पायरी: दावा, तडजोड आणि त्यांचा खर्च

ब्रिटनच्या ट्रायब्युनलला आणि आयर्लंडच्या कमिशनला फी लागत नाही. जर्मन कामगार न्यायालयात पहिल्या फेरीत वकिलाशिवाय उभं राहता येतं आणि न्यायालयातच दावा लिहून घेणारा विभाग असतो. तिथे पहिल्या फेरीत हरलात तरी समोरच्या वकिलाची फी तुमच्या अंगावर येत नाही. जिंकलात तरी तुमच्या वकिलाची फी मात्र तुम्हालाच भरावी लागते.

भरपाईची अपेक्षा देशानुसार ठेवा. जर्मनीत, भेदभाव नसता तरीही तुम्हाला ती नोकरी मिळालीच नसती, अशा उमेदवाराला मानहानीपोटी जास्तीत जास्त तीन महिन्यांचा पगार मिळतो. ब्रिटनमध्ये भेदभावाच्या भरपाईला वरची मर्यादा नाही. आयर्लंडमध्ये दुकान-घराच्या दाव्यांत 15,000 युरोपर्यंत.

बरीच प्रकरणं तडजोडीत संपतात. तडजोडीच्या कागदावर त्याच बैठकीत सही करू नका. ब्रिटनमध्ये स्वतंत्र सल्लागाराने समजावून सांगितल्याशिवाय असा करार बंधनकारकच होत नाही, किंवा मग तो एकॅसमार्फत व्हावा लागतो. पैसे देऊन कबुली टाळण्याचा प्रयत्न कसा होतो याचं 2021 मधलं उदाहरण स्वीडनचं आहे. विमानात चिली वंशाच्या प्रवाशाची जादा सुरक्षा तपासणी झाली. त्याने मागितलेली रक्कम कंपनीने देऊ केली, भेदभाव मात्र मान्य केला नाही. संघाच्या न्यायालयाने सांगितलं, की भेदभाव झाला की नाही यावर निर्णय मागण्याचा हक्क त्या माणसाला आहे. पैशांपेक्षा मान महत्त्वाचा वाटणाऱ्यांनी हा निकाल वकिलाला आवर्जून दाखवावा.

करीच्या वासावरून घर नाकारलं तर

केंट परगण्यातल्या एका बड्या घरमालकाने आपल्या एजंटांना कळवलं होतं, की भाडेकरू गेल्यावर करीचा वास मागे राहतो, म्हणून सावळ्या-काळ्या लोकांना घर देऊ नका. ब्रिटनच्या समानता आयोगाने त्याला न्यायालयात खेचलं आणि नोव्हेंबर 2017 मध्ये न्यायाधीशांनी हे धोरण बेकायदा ठरवून मनाई हुकूम दिला. फोडणीच्या वासाचं कारण पुढे करून कुणी नकार दिला तर तो रंगावरूनच दिलेला नकार असू शकतो. जर्मनीत एक अपवाद लक्षात ठेवा: मालक स्वतः त्याच आवारात राहत असेल आणि निकटचे संबंध येणार असतील, तर आ-गे-गेचं हे संरक्षण लागू होत नाही.

जातीवरून झालं तर

हे आपल्यातलंच दुखणं आहे. आडनाव विचारणं, गाव विचारणं, मांसाहारावरून अंदाज बांधणं, आणि मग त्या माणसाला प्रोजेक्टमधून किंवा घरातल्या खोलीतून बाजूला सारणं, हे परदेशातही चालतं. ब्रिटनमध्ये 2013 मध्ये जात कायद्यात घालण्याची जबाबदारी संसदेने सरकारवर टाकली. 2018 मध्ये सरकारने ती पार पाडणार नसल्याचं जाहीर केलं. तरीही वाट बंद नाही. घरकामाला ठेवलेल्या एका आदिवासी महिलेच्या प्रकरणात अपील ट्रायब्युनलने 2014 मध्ये म्हटलं, की काही प्रकरणांत जात 'वांशिक मूळ' या कारणात बसू शकते. पुढच्या वर्षी तिला किमान वेतनाच्या थकबाकीपोटी सुमारे 1,84,000 पौंड देण्याचा आदेश झाला. संघाच्या डायरेक्टिव्हमध्ये जात हा शब्द नाही, पण संयुक्त राष्ट्रांच्या वांशिक भेदभावविरोधी करारात 'वंशपरंपरा' आहे आणि त्यात जात येते असं त्या कराराच्या समितीने 2002 मध्ये स्पष्ट केलं. तक्रार लिहिताना 'जात' एवढाच शब्द लिहून थांबू नका; जन्माने आणि वंशपरंपरेने ठरलेली ओळख असं मांडा, आणि टोमणे जसेच्या तसे, अर्थासह लिहा. युरोपीय न्यायाधीशाला त्या शब्दांतला डंख आपोआप कळणार नाही, तो समजावून सांगावा लागतो.

पोलिसांनी केलं तर

पोलीस नोकरी-सेवांच्या कायद्यांत सहसा बसत नाहीत. तिथे राज्यघटना आणि युरोपीय मानवी हक्क करार लागतो. 2012 मध्ये चेक सीमेवरून जर्मनीत येणाऱ्या रेल्वेत मुलीसोबत प्रवास करणाऱ्या भारतीय वंशाच्या एका जर्मन नागरिकाची पोलिसांनी ओळखपत्रं तपासली. रंगामुळे आपल्याला निवडलं, अशी त्यांची तक्रार होती. त्या तक्रारीची स्वतंत्र चौकशी झाली नाही म्हणून स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने ऑक्टोबर 2022 मध्ये जर्मनीला दोषी धरलं. तिथे जाण्याआधी देशातले सर्व मार्ग संपवावे लागतात आणि अंतिम निकालानंतर फक्त चार महिने मिळतात. बर्लिन शहर-राज्याने 2020 मध्ये स्वतःचा कायदा करून आपल्या पोलीस-प्रशासनाविरुद्ध थेट दाद मागण्याची सोय केली आहे.

आणि व्हिसा?

तक्रार केली म्हणून परवाना रद्द करता येत नाही, आणि तक्रार केली म्हणून मालकाने सूड उगवणं हे स्वतःच वेगळं बेकायदा कृत्य आहे. मूळ दावा हरलात तरी प्रामाणिक तक्रारीला हे संरक्षण मिळतं. खरा धोका नोकरी गेल्यावरचा आहे. ब्लू कार्डधारकाला दोन वर्षं झाली नसतील तर नवी नोकरी शोधायला किमान तीन महिने मिळतात, झाली असतील तर सहा. ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसावर असलेल्याला परवाना आखडता घेतल्याचं पत्र आल्यावर सहसा 60 दिवस. म्हणून तक्रार पाठवण्याआधी आपल्या परवान्याची तारीख, शिल्लक पैसे आणि नोकरी बदलण्याचे नियम एका कागदावर मांडा, आणि तडजोड झाली तर नोकरीची अखेरची तारीख पुढे ढकलून मागा. भरपाईच्या रकमेत थोडं कमी घेऊनही ते दोन-तीन महिने मिळवणं परवान्यावर असलेल्या माणसाला बहुतेक वेळा जास्त उपयोगी पडतं.